बारावा फर्मा

जावयानं मावशीच्या लेकीला पहिल्यांदा कारखान्यातून केसांना धरून फरफटत बाहेर काढलं, तेव्हा आत आम्ही सात जण होतो. चांगले धडधाकट सात. त्यातला एक मी, ज्याला अख्खी गल्ली पैलवान म्हणते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात ना, तसला. त्यानं तिला रस्त्यावर पाडलं, पोटात लाथा घातल्या, आणि ती तोंड झाकायला गेली तेव्हा तिचा हात पिरगाळून त्यावर पाय दिला. हाड मोडल्याचा आवाज मला आत कटिंग मशीनपाशी ऐकू आला. मग त्यानं शर्ट खाली ओढून नीट केला आणि दारातून आमच्याकडे बघून म्हणाला, "पुढच्या वेळी हिला जिवंत सोडणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो." आम्ही सातही जण मूग गिळून उभे होतो.

मला सांगायचंय ते मावशीबद्दल, पण सुरुवात इथूनच करावी लागते. आमच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात मावशी सव्वीस वर्षं कागदाला घड्या घालत होती. उंची सव्वाचार फूट, म्हणून तिच्या माघारी आम्ही तिला सव्वाचार म्हणायचो आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. एका डोळ्यात फूल पडलेलं, गुडघे कामातून गेलेले. उंदीर दिसला की बाकावर चढायची. मालकाचा आवाज चढला की तिला उचकी लागायची, आणि मालकाचा आवाज तर रोजच चढायचा. नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली. एकच लेक. ती नवऱ्याच्या घरून दोन दात पाडून घेऊन परत आली, तेव्हा मावशीनं तिला शिलाईच्या बाकावर कामाला लावलं.

त्या दिवशी मावशी डोळ्यांच्या दवाखान्यात गेली होती. परत आली तोवर लेकीला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं होतं आणि रस्त्यावर एक चप्पल पडलेली होती. मावशीनं ती उचलली, आत आली आणि विचारलं, "कोण कोण होतं इथं?" तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि चप्पल पिशवीत ठेवून दवाखान्याच्या वाटेला लागली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चौकीवर तक्रार लिहून घेतली, नवरा-बायकोचा मामला आहे, समजुतीनं घ्या म्हणाले, आणि जावई त्याच संध्याकाळी कोपऱ्यावर विडी ओढताना दिसला.

त्याच महिन्यात ती जाडजूड कादंबरी आमच्याकडे बांधायला आली. राक्षस, तलवारी, मंतरलेले दगड, असलं सगळं. आमचं काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं त्यावरच आहे. छापखान्यातून मोठा कागद येतो. त्यावर सोळा पानं असतात. त्याला घड्या घातल्या की एक फर्मा झाला. मग लांब टेबलावर एक ते वीस फर्म्यांचे गठ्ठे ओळीनं मांडायचे आणि टेबलाभोवती फिरत प्रत्येकातला एकेक उचलायचा, की पुस्तक जुळलं. एका दुपारी माणूस कमी होतं म्हणून गठ्ठे मी मांडले, आणि बाराव्याच्या जागी पुन्हा अकराव्याचाच गठ्ठा ठेवला. फर्म्याचा आकडा पहिल्या पानाच्या तळाशी बारीक छापलेला असतो. तो बघून गठ्ठा ठेवायचा, हे नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात. माझ्या चाळीस प्रती शिवून, पुठ्ठा चढवून झाल्यावर ते लक्षात आलं. मालकानं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मावशीला माझ्या वाटची उचकी लागली, आणि प्रती रद्दीत गेल्या. त्यातली एक मावशीनं उचलली.

चहाच्या सुट्टीत ती मोठ्यानं वाचायची. चांगला डोळा कागदाला लावून, बोट ओळीवरून फिरवत. मिठाच्या खाणीतून एक जनावर वर येतं आणि माणसं सोलून खातं. त्याला मारायला सहा वीर निघतात. सातवा त्यांचा आचारी. फोपशा, सपाट पायांचा, अंधाराला भिणारा, नेलेला फक्त रांधायला. पानागणिक कुणीतरी मरतं. एकाचा हात खांद्यापासून उपटला जातो, एकाला जनावर खडकावर आपटून फोडतं. मावशी हे सगळं बाजारात कांदा कितीला मिळाला ते सांगावं तशी वाचायची. मरणाऱ्यांचं तिला फारसं सोयरसुतक नव्हतं. आचाऱ्याचं नाव आलं की मात्र बोट थांबायचं.

अकराव्या फर्म्याच्या शेवटी पाच वीर मेलेले असतात आणि सहावा, तो मंतरलेल्या तलवारीवाला, जखमी होऊन पळालेला असतो. खाणीच्या तोंडाशी उरतो आचारी. चुलीवर तेलाची कढई उकळतेय, मागे गावाचा रस्ता, आणि जनावर वर येतंय. शेवटची ओळ अशी: "आचाऱ्यानं मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. मग त्यानं". बस्स. पान उलटलं की पुन्हा अकरावा फर्मा सुरू. आणि तेराव्यात पाहावं तर आचारी आपल्या घरी चूल फुंकतोय आणि जनावराचं कातडं वेशीवर वाळत पडलंय.

"मग त्यानं काय केलं?" मावशीनं मला विचारलं. गठ्ठा मी चुकवलेला, तेव्हा उत्तरही मीच द्यायला हवं होतं. चांगल्या प्रती केव्हाच गाडीत भरून परगावी गेल्या होत्या. रद्दीवाला उरलेले फर्मे घेऊन गेला होता.

"काय करणार? तलवारवाला परत आला असणार," मी म्हणालो. "आचाऱ्याच्या बापाला तरी जमणारंय का ते!"

"तलवारवाल्याचं काय कौतुक, पैलवान? बाप राजा, तलवार मंतरलेली. त्यानं मारलं तर त्याचं कामच आहे ते. आचाऱ्याला पळायला सगळी मोकळीक होती. पळाला असता तर कुणी नावसुद्धा ठेवलं नसतं. म्हणून मला त्याचंच कळायला हवंय." मग थोडा विचार करून म्हणाली, "कढई. हातात दुसरं होतं काय त्याच्या? तीच ओतली असणार."

"आई, भीती नसेल वाटली त्याला?" लेकीनं विचारलं. तिचा हात प्लॅस्टरमध्ये होता. एका हातानं ती सुयांत दोरे ओवून ठेवायची.

"वाटली की! लटलट कापत ओतली असेल. निम्मं तेल स्वतःच्या पायावर सांडलं असेल."

सगळे हसले. मला मात्र तिचा राग आला. तो कसला राग ते तेव्हा कळलं नाही, आता कळतं. तलवारवाल्याची गोष्ट ऐकली की मी घरी जाऊन स्वस्थ झोपतो. तो राजाचा मुलगा, मी कटिंग मशीनवाला, आमचा काय संबंध? त्यानं शंभर राक्षस मारले तरी मला कुणी विचारत नाही की तू का नाही मारलास. पण फोपशा, सपाट पायांचा, अंधाराला भिणारा माणूस खाणीच्या तोंडाशी उभा राहिला, की माझी पळवाट बुजते. लोक म्हणतात, असल्या गोष्टींनी धीर येतो. येत असेल. मला आधी लाज आली, आणि लाजेचा राग करणं सोपं असतं.

जावई परत आला तो मंगळवार होता, सकाळचे साडेअकरा. मालक छापखान्यात गेला होता. शेगडीवर सरसाचं पातेलं चढवलेलं होतं. पुठ्ठे चिकटवायचा सरस गरमच लागतो, आणि आमचा खळवाला तो नको इतका उकळवतो. जावयानं आत आल्याबरोबर दारातला फर्म्यांचा गठ्ठा लाथेनं उडवला. हातात सुरा होता, वीतभर पात्याचा, नवा. लेक सगळ्यात मागच्या बाकावर, तिच्यामागे भिंत. बाहेर पडायला दार एकच आणि त्यात तो.

मी कटिंग मशीनवर होतो. त्या मशीनचं पातं खाली यायचं तर दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबावी लागतात, म्हणजे एकही हात पात्याखाली राहू नये. माझे दोन्ही हात बटणांवर होते. ते तिथेच राहिले.

मावशी उठली. हातात घडी दाबायची हाडाची पट्टी, सहा इंचांची. ती दोन टेबलांमधल्या बोळात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "जावईबापू, मागे फिरा." आणि तिला उचकी लागली. जावई हसला. त्यानं तिला अशी थोबाडीत मारली की ती टेबलाच्या कडेवर आदळून खाली पडली आणि कपाळ फुटलं. ती उठली. त्यानं सुरा चालवला, डाव्या खांद्यावर. ती पुन्हा पडली आणि पुन्हा उठली, पण या वेळी शेगडीच्या बाजूनं. पातेल्याचे कान तिनं उघड्या हातांनी धरले. कातडी भाजल्याचा वास आला मला. ती लटलट कापत होती. निम्मा सरस तिच्या स्वतःच्या पायांवर सांडला. उरलेला तिनं त्याच्या तोंडावर फेकला.

पाणी असतं तर ओघळून गेलं असतं. सरस चिकटतो. तो गुरासारखा ओरडला, एक हात तोंडावर, दुसऱ्यानं आंधळ्यासारखे वार करत सुटला. मावशीनं त्याच्या पायाला मिठी मारली आणि मांडीत दात रोवले. तो खाली वाकून भोसकत होता. पाठीत, दंडात, पुन्हा पाठीत. पुढचा वार तिनं तळहातावर झेलला आणि सुरा हाताच्या आरपार गेला. तरी ती सोडेना. एवढीशी बाई, पण मिठी सुटेना. आणि हे सगळं चालू असताना ती उचक्या देत होती.

शेवट केला लेकीनं. शिवलेल्या पुस्तकांवर ठेवायचं पाच किलोचं लोखंडी वजन तिनं चांगल्या हातानं उचललं आणि त्याच्या डोक्यात घातलं. एकदा, मग आणखी एकदा. तो पडला.

आणि तो पडल्यावर मात्र आम्ही सातही जण शूर झालो. धावून गेलो, सुरा लांब फेकला, पडलेल्या माणसाला लाथा घातल्या. मीही दोन घातल्या. चांगल्या जोरात.

पोलीस आले तेव्हा आमची शौर्यं आटोपली होती. जावयाचे दोन भाऊ फाटकापाशी येऊन उभे होते, एकेकाचं तोंड नीट बघून घेत. खळवाला म्हणाला, मी सरस आणायला गेलो होतो. जुळवणीवाले दोघं म्हणाले, आम्ही टपरीवर होतो. मी म्हणालो, मी मुतारीत होतो. एका मुतारीत एका वेळी तिघं निघाले, तेव्हा फौजदारसुद्धा हसला. तिकडे जावयानं दवाखान्यातून जबाब दिला की मी बायकोची समजूत काढायला गेलो होतो, आई आणि लेक ठरवून माझ्यावर धावून आल्या, सुरा कारखान्यातलाच. चौदा दिवसांत तो सुटेल आणि याच दोघी आत जातील, असं लोक बोलू लागले. सुटला तर तो पहिलं काम काय करणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो सांगूनच गेला होता.

त्या आठवड्यात मशीन डुगडुगायला लागलं. खाली वाकून पाहिलं, तर एका पायाखाली मीच कधीतरी घडी करून सारलेला कागद दबून चपटा झाला होता. ओढून काढला. फर्मा होता. पहिल्या पानाच्या तळाशी आकडा, बारा. मी तिथेच जमिनीवर बसून वाचला. पहिलीच ओळ: "कढई खाली ठेवली आणि तो रिकाम्या पिंपात जाऊन बसला." पुढे सोळा पानं तलवारवाला परत येतो, लढतो, जनावराचं डोकं उडवतो. आचारी पिंपात बसून डोळे मिटून असतो. सगळं शांत झाल्यावर झाकण उचलून बाहेर येतो, बस्स.

म्हणजे माझंच बरोबर निघालं होतं. एवढं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मी फर्मा खिशात घालून दवाखान्यात गेलो. मावशी पालथी निजलेली, पाठीला टाके, पायांवर मलमपट्ट्या. डाव्या हाताच्या शिरा तुटल्या होत्या, ती बोटं आता कायमची गेली असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. लेक उशाशी बसली होती. मला बघून ती उठली नाही. तिची काय चूक?

मावशीनं चांगला डोळा उघडला. "पैलवान, बारावा मिळाला का रे?"

तिला खिशाचं कसं कळलं देव जाणे. बहुधा कळलंही नसेल, रोजच्यासारखंच विचारलं असेल.

"मिळाला," मी म्हणालो.

"मग?"

"कढईच ओतली त्यानं."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?" ती हसली आणि टाके ओढले म्हणून कण्हली. मग तिनं विचारलं, "आणि गावातले बाकीचे? ते कुठं होते तेव्हा?"

मी म्हणालो, "पिंपात लपले होते."

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी हातात चप्पल घेऊन पाहिलं होतं, अगदी तसंच. "मग बाहेर आले की नाही?"

मी म्हणालो, तेवढं पान फाटलंय. आणि जिन्यावरून खाली आलो. कारखान्यात जाऊन बारावा फर्मा मशीनमध्ये सरकवला आणि दोन्ही बटणं दाबली. चार वेळा, पार पट्ट्या होईपर्यंत. मग चौकीवर गेलो आणि म्हणालो, मुतारीचं खोटं सांगितलं होतं, खरं लिहून घ्या. दोन दिवसांनी सकाळी माझ्या दाराची कडी काढली तर बाहेर जावयाचे दोघे भाऊ उभे होते. एकानं माझं नाक फोडलं, दुसऱ्यानं सळईनं गुडघ्यावर मारलं. मी खाली पडलो आणि उठलो. सांगण्यासारखं काही नाही त्यात. मार लागतो, मग सूज येते, मग उतरते. इतकी वर्षं ज्याला भ्यायलो ते एवढंच होतं, याचंच जास्त हसू आलं.

निकाल काय लागला ते आधीच सांगून टाकतो, उगाच ताणत नाही. जावयाला दहा वर्षं झाली, मावशी आणि लेक सुटल्या. माझ्यानंतर खळवाल्यानंही जबाब बदलून खरं सांगितलं, हेही खरं. लेक आता शिलाईचा सगळा बाक सांभाळते. मावशी एका हातानं घड्या घालते आणि दुसऱ्या हाताच्या कोपरानं कागद दाबून धरते. मी तिला अजून मावशीच म्हणतो. सव्वाचार म्हणायचं सोडलं.

पण मला सांगायचाय तो कोर्टातला दिवस. पुढच्या बाकावर दोघे भाऊ, मागच्या बाकावर लेक आणि काठी धरून बसलेली मावशी. जावयाचा वकील तयारीचा होता. मला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं आणि गोड आवाजात म्हणाला, "तुम्हाला लोक पैलवान म्हणतात ना?"

"हो."

"आणि तुम्ही म्हणता की एक म्हातारी बाई तुमच्यापासून दहा पावलांवर भोसकली जात होती, आणि तुम्ही सगळं पाहिलंत. मग तेव्हा तुम्ही काय करत होता?"

सगळं कोर्ट माझ्याकडे बघायला लागलं. त्याला काय हवं होतं ते मला कळत होतं. एक तर मी म्हणायचं की धावलो, म्हणजे तो खोटं पाडणार. नाहीतर म्हणायचं की मी तिथं नव्हतोच, म्हणजे विषय संपला. तिसरं उत्तर माझ्या अंगकाठीचा माणूस चारचौघांत देणार नाही, यावर त्याची सगळी भिस्त होती.

"काही नाही," मी म्हणालो. "उभा होतो."

"तुमच्यासारखा माणूस नुसता उभा राहील, यावर कोर्टानं विश्वास ठेवावा?"

"ठेवावा. घाबरलो होतो मी. हात बटणांवर होते, पाय हलले नाहीत. पहिल्या वेळी मुलीचा हात मोडला तेव्हाही असाच उभा होतो. त्या बाईसाठी मी काही केलं नाही, साहेब. बघितलं तेवढं. धावलो असतो तर एखादा वार बघायचा राहून गेला असता. एकही राहिला नाही. नऊ होते. सांगतो, लिहून घ्या."

मागच्या बाकावर उचकी लागल्याचा आवाज आला. मी कठडा धरला आणि सांगायला सुरुवात केली. पहिला डाव्या खांद्यावर.